‘विठ्ठल’ या नावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आजोबांचं नाव विठ्ठल. शाळेच्या दाखल्यावर विठ्ठल, सातबाऱ्यावर विठोबा, भावकीत विठूतात्या, आणि त्यांच्या आईच्या तोंडी शेवटपर्यंत इठ्या. एकाच माणसाची ही चार नावं ऐकत मी वाढलो, म्हणून नावांबद्दल लिहायला लागलो तेव्हा सुरुवात याच नावाने झाली. तेव्हापासून सगळ्यांत जास्त प्रश्नही याच नावावर येतात. जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. विठ्ठल या नावाचा अर्थ काय? बारशाच्या पत्रिकेत छापायचा आहे.

एका शब्दात हवा असेल तर ‘विष्णू’ छापा. ते सगळ्यांत भक्कम आहे (का, ते प्रश्न २ मध्ये). बाकी दोन अर्थ फार ऐकायला मिळतात. पहिला ‘विटेवर उभा तो विठ्ठल’, म्हणजे वीट आणि स्थळ. दुसरा पंडिती आहे: ‘वि’ म्हणजे ज्ञान, ‘ठ’ म्हणजे शून्य, ज्ञानाने शून्य असलेल्यांना जो आपलंसं करतो तो विठ्ठल. नाव आधी होतं, अर्थ मागाहून बसवले गेले, त्यामुळे भाषेच्या हिशोबाने दोन्ही टिकत नाहीत. तरी दुसरा अर्थ मला मनापासून आवडतो. अडाण्याला जवळ घेणारा देव, हे ज्यांनी अनुभवलं त्यांनीच तो बसवला असणार. पत्रिकेत तो छापलात तरी माझी हरकत नाही, फक्त ‘व्युत्पत्ती’ असं लिहू नका.

२. शब्द मुळात मराठी, संस्कृत की कानडी?

संस्कृत विष्णू, कानडी वळण, मराठी घर. रा. गो. भांडारकरांनी मांडलेली व्युत्पत्ती अशी: विष्णूचं कानडी बोलण्यात विट्टि किंवा बिट्टि झालं आणि त्याला प्रेमाचा, आदराचा ‘ल’ किंवा ‘बा’ लागला. याचा पुरावा देवळात शोधायला नको, राजवंशात सापडतो. होयसळ राजा विष्णुवर्धन याचं दुसरं नाव बिट्टिदेव. आजही कर्नाटकात कृष्णमूर्ती नावाच्या माणसाला घरात किट्टू म्हणतात. कृष्णाचं किट्टू होतं तसंच विष्णूचं बिट्टि झालं.

पंढरपूर परिसरात सापडलेला १२३७ चा होयसळ राजा सोमेश्वराच्या काळातला लेख कानडी-संस्कृतात आहे आणि त्यात विठ्ठलाचं नाव येतं. ज्ञानेश्वरांच्या नावावरचा अभंगही देवाला ‘कानडा’च म्हणतो. काहींना याने वाईट वाटतं, तशी पत्रंही येतात. मला त्यात कमीपणा दिसत नाही. भीमेच्या दोन्ही अंगांना दोन्ही भाषा नांदत होत्या आणि देव दोघांचाही होता.

रा. चिं. ढेरे यांनी याच्याही मागे जाऊन हा मुळात गवळी-धनगरांचा देव, असं मांडलं. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि धनगरांचा देव बिरदेव एकाच देवळात, एकाच यात्रेत भंडाऱ्याने माखलेले पाहिले की हे म्हणणं पुस्तकातलं उरत नाही.

३. विठ्ठल, विठोबा, विठू, विठोजी ही वेगवेगळी नावं आहेत का?

नाव एक, हाक मारणारे वेगळे. ‘बा’ म्हणजे बाप: ज्ञानोबा, तुकोबा, खंडोबा, बिरोबा यांतला तोच. विठोबा म्हणताना आदर आणि जवळीक दोन्ही एकदम येतात, म्हणून देवालाही तेच चालतं आणि शेजारच्या म्हाताऱ्यालाही. विठोजी हे सरदारी वळण, विठ्ठलपंत हे ब्राह्मणी, विठ्ठलराव हे मानाचं आणि आता सरसकट. विठू हे आई-आजीचं. विठ्या हे मित्रांचं, भांडणातलं, आणि आणखी एका जागचं (प्रश्न १८).

जुनी कागदपत्रं वाचताना एवढं लक्षात ठेवा: एकच माणूस करारात विठ्ठल आणि खतात विठोजी असू शकतो. ‘हे दोन भाऊ असावेत’ असं ठरवण्याआधी बापाचं नाव जुळतंय का बघा.

४. आमच्याकडे सगळे ‘इठ्ठल’, ‘इठोबा’ म्हणतात. मुलांना सुधारायला सांगू का?

नका सांगू. आपल्या बोलींत इ-ई च्या आधीचा ‘व’ गळतो. विटेची ईट होते, विहिरीची हीर, विस्तवाचा इस्तू. त्याच नियमाने विठोबाचा इठोबा. हा उच्चार दिंडीत लाखो लोकांच्या तोंडी असतो आणि तो शतकांपासून आहे. शाळेत लिहिताना ‘विठ्ठल’, घरात बोलताना ‘इठ्ठल’, हे दोन्ही मुलांना सहज जमतं.

५. विठ्ठल, विट्ठल की विठल? बरोबर कुठलं?

मराठीत विठ्ठल, ठ ला ठ. हिंदीत विट्ठल, ट ला ठ. तोंडाने आपण सगळे ट्-ठच म्हणतो, कारण एका श्वासात दोन ‘ठ’ सलग निघत नाहीत. पण मराठी लिहिण्याचा रिवाज दोन्ही अक्षरं सारखी लिहिण्याचा आहे: चिठ्ठी, गठ्ठा, लठ्ठ, मठ्ठ, अठ्ठावीस. हिंदीत याच शब्दांची चिट्ठी आणि गट्ठा होतात. म्हणून उत्तरेकडे छापलेल्या पुस्तकात किंवा फलकावर विट्ठल दिसलं तर ती चूक नाही, ती त्यांची पद्धत. मराठी लग्नपत्रिकेत मात्र ते खटकतं.

विठल हे रूप जुन्या लेखांत आणि गुजरातीत सापडतं. कविता-अभंगात मात्रा जुळवायला ‘विठल’ येतं. आजच्या कागदावर ते लिहू नका.

फोनवर टाइप करताना ठ, मग पाय मोडायचं चिन्ह, मग पुन्हा ठ. काही फॉन्टमध्ये ठ खाली ठ बसतो, काहींत पाय मोडलेला ठ शेजारी दिसतो. दोन्ही एकच आहेत.

६. इंग्रजीत एक टी की दोन? एच एकदा की दोनदा?

‘व्ही-आय-टी-टी-एच-ए-एल’ हे उच्चाराच्या सगळ्यांत जवळचं. ‘व्ही-आय-टी-एच-ए-एल’ हे जुन्या नोंदींत जास्त. कर्नाटकात एचशिवाय दोन टी चालतात. भाषेच्या दृष्टीने मी पहिलं सुचवेन, पण खरं उत्तर असं की जन्मदाखल्यावर जे आहे तेच शेवटपर्यंत चालवा. आधारवर नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एका टी साठी त्यातली एक संधी घालवू नका.

बाळाचं नाव आत्ता नोंदवत असाल तर अर्ज भरणाऱ्याच्या शेजारी उभं राहून अक्षरं एकेक करून सांगा. दाखला हातात आला की तिथेच वाचा. आमच्या घरात एका चुलतभावाच्या दाखल्यावर एक टी, दहावीच्या गुणपत्रिकेवर दोन, आणि पॅनवर एचच नाही. तिघांचा मेळ घालायला त्याला वर्ष लागलं.

७. आजोबांचं नाव सातबाऱ्यावर ‘विठोबा’ आणि बाकी सगळीकडे ‘विठ्ठल’. वारस नोंद अडली आहे. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि त्यामागचा त्रास मी जवळून पाहिला आहे. आमच्या वेळी कचेरीतल्या माणसाने फेरफाराचा कागद माझ्यापुढे सरकवून विचारलं, ‘‘हे विठोबा तुमचे कोण?’’ आजोबांच्या जमिनीच्या कागदावर आजोबा कोण, हे मला सिद्ध करायचं होतं. गावात ज्याला शेंबडं पोरही ओळखत होतं, तो माणूस कागदावर दोन माणसं झाला होता.

आधी दोन्ही नावांच्या कागदांवर बापाचं नाव, आडनाव आणि गाव सारखं आहे का ते तपासा. तिथे जुळत असेल तर काम बरंच सोपं होतं. मग ‘विठ्ठल उर्फ विठोबा’ ही एकच व्यक्ती आहे, असं प्रतिज्ञापत्र वारसांनी करायचं. त्याला जुने फेरफार, शाळेचा दाखला, मतदार यादीतली नोंद, मृत्यूचा दाखला असं जे मिळेल ते जोडायचं. मृत्यूचा दाखला काढतानाच ‘उर्फ’सह नाव घालायला सांगितलं असतं तर निम्मं काम वाचलं असतं, हे आम्हाला नंतर कळलं.

लिहिणाऱ्याच्या हातून सातबाऱ्यावर साधी लेखनचूक झाली असेल, म्हणजे ‘विठल’ किंवा ‘विठ्ठाल’ पडलं असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. विठोबा ही लेखनचूक नाही, ते खरंखुरं दुसरं नाव आहे. म्हणून तिथे ‘उर्फ’चाच रस्ता धरा. भाऊबंदांत वाद असेल तर मात्र वकील गाठा.

८. ‘विठ्ठलला’ म्हणायचं की ‘विठ्ठलाला’?

देवाला विठ्ठलाला, माणसाला विठ्ठलला. ‘विठ्ठलाला हार घातला’ म्हटलं की डोळ्यांपुढे देऊळ येतं. ‘विठ्ठलला हार घातला’ म्हटलं की शेजारचा विठ्ठल निवडून आलेला असतो. एका काना-भराने देव आणि माणूस वेगळे करणारी ही सोय मला फार सुंदर वाटते. मागच्या पिढ्यांत माणसालाही ‘विठ्ठलाने सांगितलं’ असं चालायचं. आता माणसांच्या नावांना प्रत्यय तसाच लावायची सवय झाली आहे: विठ्ठलने, विठ्ठलचा, विठ्ठलकडे. विठोबा आणि विठू यांत ही अडचणच नाही, विठोबाला आणि विठूला, दोघांनाही सारखंच.

९. कुठल्या राशीला येतं?

‘वि’ हे रोहिणी नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर (ओ, वा, वी, वू), म्हणजे वृषभ रास. जन्मनाव वेगळं निघालं तरी व्यवहाराचं नाव विठ्ठल ठेवता येतं. बहुतेक घरांत तसंच करतात.

१०. पांडुरंग आणि पंढरीनाथ ही विठ्ठलचीच रूपं का?

देव तोच, शब्द वेगळा. विठू, विठोबा ही विठ्ठलची रूपं. पांडुरंग हे स्वतंत्र नाव. त्याचा शब्दशः अर्थ ‘गोऱ्या रंगाचा’ होतो आणि देव तर सावळा. हा पेच सोडवायला पंढरपूरचं जुनं नाव बघावं लागतं. कानडी लेखांत ते ‘पंडरगे’ असं येतं. पंडरगेचा देव तो पांडुरंग, असं अभ्यासक जोडतात. पंढरी, पंढरीनाथ ही गावावरूनच आलेली.

म्हणून एका भावाचं नाव विठ्ठल आणि दुसऱ्याचं पांडुरंग असलं तर त्यात गैर काही नाही. अशा जोड्या घरोघर आहेत. ‘विठ्ठल उर्फ पांडुरंग’ असा एकच माणूस मात्र कचेरीत सहज पटत नाही. तिथे प्रश्न ७ मधले पुरावे दुप्पट लागतात.

११. हे नाव ठराविक समाजाचंच आहे का?

अजिबात नाही, आणि मला या नावाची ओढ आहे ती यासाठीच. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत. शिंपी घरातल्या नामदेवांचा मुलगा विठा, तुकोबांचा मुलगा विठोबा. शिवाजी महाराजांच्या आजोबांचे, मालोजीराजांचे, भाऊ विठोजीराजे. होळकरांचे विठोजी, ज्यांना १८०१ मध्ये पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने हत्तीच्या पायी दिलं. १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत पडलेला निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर. म्हणजे मराठ्यांच्या समोरच्या बाजूलाही हेच नाव.

अलीकडे यावं तर १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढणारे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे, लोणीला सहकारी साखर कारखाना उभा करणारे विठ्ठलराव विखे पाटील, आणि आंबेडकरी जलशातून पुढे आलेले शाहीर विठ्ठल उमप. एवढ्या वेगवेगळ्या घरांत गेलेलं दुसरं नाव मला पटकन सुचत नाही.

१२. गुजरातेत एवढे विठ्ठलभाई आणि विठ्ठलदास कसे?

पुष्टिमार्ग हा कृष्णभक्तीचा पंथ काढणाऱ्या वल्लभाचार्यांमुळे. त्यांच्या धाकट्या मुलाचं नाव विठ्ठलनाथ. पुष्टिमार्गाची परंपरा सांगते की वल्लभाचार्य पंढरपूरला आले, तिथे विठ्ठलाने त्यांना संसार करायला सांगितलं, म्हणून मुलाला ते नाव. याच विठ्ठलनाथांनी म्हणजे गुसांईजींनी पंथाचा विस्तार केला आणि गुजरातच्या वैष्णव घरांत हे नाव रुजलं. सरदार पटेलांचे थोरले भाऊ विठ्ठलभाई १९२५ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले. विठलाणी हे आडनावही त्या बाजूचंच.

१३. कानडी पदांच्या शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ येतं. हे कुणाचं नाव?

ती मुद्रा आहे, कानडीत तिला अंकित म्हणतात. आपल्याकडे ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ असतं तशी कवीची सही. फरक एवढाच की आपले संत सहीत स्वतःचं नाव घालतात आणि हरिदास, म्हणजे कानडी विष्णुभक्त संतकवी, देवाचं. पुरंदरदासांची पुरंदर विठ्ठल, विजयदासांची विजय विठ्ठल, जगन्नाथदासांची जगन्नाथ विठ्ठल. त्यामुळे ‘विजय विठ्ठल नावाचा कवी’ असं लिहिलेलं दिसलं तर ती चूक समजा.

हंपीच्या विठ्ठल मंदिरातला दगडी रथ तुम्ही पाहिलेला आहे. खिशातली पन्नासची नवी नोट काढून मागची बाजू बघा.

१४. मुलीसाठी काही रूप आहे का?

विठा, विठाबाई, विठाई. तमाशाच्या फडावर राज्य केलेल्या विठाबाई नारायणगावकर सगळ्यांना माहीत आहेत. विठाई हे तर देवाचंच आईपण, आणि आता ते नाव एसटीच्या गाड्यांवरही आहे. एक सावधगिरी: विठा दिसलं की बाई समजू नका. ‘नामयाचा विठा’ हा मुलगा आहे (प्रश्न ११).

१५. विठ्ठल नावाच्या माणसाच्या बायकोचं नाव रुक्मिणीच कसं? आमच्या घराण्यात तीनदा आहे.

कधी योगायोग, बहुतेकदा लग्नात बदललेलं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची पद्धत होती. नवरा विठ्ठल असला की रखुमाई, रुक्मिणी पटकन सुचायचं. घराण्याची वंशावळ लावत असाल तर या बायकांची माहेरची नावं जिवंत आहेत तोवर म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. कागदावर ती क्वचितच मिळतात.

१६. आजोबांचं नाव नातवाला ठेवलं तर सून हाक कशी मारायची?

सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही हा दंडक होता, तेव्हा अशा मुलाला आबा, अप्पा, नाना, बाळ असं हाकारत. म्हणून कितीतरी आप्पासाहेबांचं खरं नाव विठ्ठल निघतं. आता हा दंडक बहुतेक घरांत राहिलेला नाही. सासूबाई असतील तर एकदा त्यांना विचारा. नवऱ्याचं नाव पुन्हा रोज कानावर पडणं त्यांना आवडेल की अवघड जाईल, हे त्याच सांगू शकतील.

१७. जुन्या पुस्तकावर ‘वि.’ असेल तर विठ्ठल धरू का?

नको. वि. रा. शिंदे विठ्ठल होते, पण वि. दा. सावरकर विनायक, वि. का. राजवाडे विश्वनाथ आणि वि. स. खांडेकर विष्णू. मधलं आद्याक्षर बापाचं, त्यावरून शोधा.

१८. देवाचं नाव मुलाला ठेवायचं आणि मग ‘विठ्या, इकडे ये’ म्हणून ओरडायचं, हे पाप नाही का?

हा प्रश्न बहुतेक नव्या आया विचारतात आणि काही जणी याच भीतीने नाव बदलतात. त्यांना मी जनाबाईकडे पाठवतो. तिच्या नावावरचा अभंग सुरूच होतो, ‘अरे विठ्या, विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’. पुढे ती देवाला याहून कडक शिव्या देते. दळण-कांडण करणारी दासी ज्याला कारट्या म्हणते, तो तुमच्या एका हाकेने रागावणार नाही. या देवाशी मराठी माणूस पहिल्यापासून अरे-तुरेच करत आला आहे.

माझी पणजी नव्वदीला टेकली होती, आजोबा सत्तरीचे. दिसत जवळजवळ नव्हतंच तिला. संध्याकाळी ते शेतावरून यायचे, अंगणात पायताणं वाजायची, आणि ती आतूनच म्हणायची, ‘‘इठ्या, पाय धुऊन आत ये रे.’’ आणि ते हौदावर जाऊन पाय धुवायचे.